चौदा ते एक

तिला सगळे चिकटताई म्हणायचे. खरं नाव नवऱ्याला आणि विजेच्या बिलाला माहीत, बाकी कुणाला ते विचारायची गरजच पडली नाही. हे नाव का पडलं, तर एक म्हणजे तिच्या बोटांना कायम खळ लागलेली असायची. आणि दुसरं म्हणजे ही बाई एकदा कुणाच्या मागे लागली की त्याच्या हातून काहीतरी करून घेतल्याशिवाय सोडायची नाही. "मला काही येत नाही हो," असं कुणी म्हणालं रे म्हणालं, की हिचे डोळे लकाकले! अशी माणसं तिला फार आवडायची.

फुटक्या कपबशा, बशांच्या कडा, उरलेल्या टाइल्स यांचे तुकडे जुळवून भिंतीवर चित्रं करायची, हा तिचा उद्योग. तोही एकटीनं नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या मागची खोली तिला मिळाली होती आणि तिथं ज्याला वेळ असेल त्यानं यायचं; टेलरबाई आणि बेकरीवाला तर रोजचेच. शाळेच्या नळकोंडाळ्यामागची भिंत, बसथांब्याची बाकं, लॉन्ड्रीचा जिना, असं अकरा वर्षांत बरंच काही झालं होतं. एकाही चित्राखाली तिचं नाव नाही. घरात मात्र दोन कप एकसारखे सापडायचे नाहीत. नवरा चहा पिताना कपाचा कान घट्ट धरून बसायचा. "जरा टवका उडाला की ही बाई त्याला न्यायला टपलेलीच," असं तो आल्यागेल्याला सांगायचा आणि वर स्वतःच ऑफिसमधल्या फुटक्या बशा पिशवीत भरून आणायचा. सुखाचा संसार म्हणतात तो हाच.

खोलीत नियम एकच होता आणि त्यासाठी एक स्टूल होतं. तीन पायांचं, डुगडुगणारं, रंगानं माखलेलं. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं ती झाकायची नाही. चहाच्या वेळी स्टुलावर बसायचं, सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, आणि मग मोडायचं की ठेवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. टेलरबाई तर त्या स्टुलावर इतक्यांदा बसली होती की ती त्याला माझं माहेर म्हणायची. फक्त चिकटताईवर तिथं बसायची पाळी कधी आली नव्हती. "आमच्या ताईंचं काही चुकतच नाही बाई!" टेलरबाई नाक मुरडून म्हणायची आणि ताई हसायची. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोरा होताच.

या खेपेला काम होतं दवाखान्याच्या कुंपणभिंतीचं. तिथून जवळच एक गल्ली होती. एका बाजूला चौदा घरं आणि दुसऱ्या बाजूला नुसता बांध. ती चौदा घरं ओळीनं भिंतीवर आणायची, असं ठरलं. पण ती जशीच्या तशी सांगणार कोण? तर पोस्टमनकाका. बत्तीस वर्षं त्यांनी त्याच भागात टपाल वाटलं, आणि गल्लीतलं एक नंबरचं घर त्यांचंच. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली, बायको जाऊन दोन. ताई त्यांच्या दारात गेली तेव्हा त्यांनी ठरलेलं उत्तर दिलं, "मला काही येत नाही हो."

झालं! ताईनं पाठ धरली.

दोन महिन्यांनी काकांनी जाड कागदाच्या चौदा तावांवर चौदा घरं काढून आणली. कुठल्या दाराला पत्रपेटी नाही म्हणून पत्र कडीत खोचावं लागायचं, कुठल्या पायरीचा कोपरा उडालाय, बेकरीचं धुराडं कोणत्या बाजूला झुकलंय, सगळं. घरांना आकडे घालायची गरजच नाही, दारं बघून कुणीही ओळखेल, असं बेकरीवाला म्हणाला. आणि रेघ काय होती म्हणता! थरथरती, पण एकही खोटी नाही. ताईला इतका आनंद झाला की तिनं ते ताव उराशी धरून खोलीभर फेरी मारली.

आता जरा या कामाची रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथंच झाला. कागदावर चित्र काढायचं. त्यावर तुकडे पालथे, म्हणजे रंगीत बाजू खाली करून, खळीनं चिकटवायचे. मग तो कागद तुकड्यांसकट उचलून ओल्या सिमेंटवर दाबायचा. दुसऱ्या दिवशी कागद भिजवून सोलला की चित्र समोर. पण कागद पालटल्यामुळे डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. म्हणून कागदावर चित्र मुळातच उलटं काढावं लागतं. ताई दर वेळी चित्र स्वतः काढायची आणि उलटंच काढायची. या वेळी चित्र काकांचं होतं. ते उलटं उतरवून घ्यायचं, एवढं साधं काम, आणि आनंदाच्या भरात ही बाई ते साफ विसरली. सगळ्यांनी चार महिने बसून तुकडे लावले ते त्या सरळ चित्रावर.

त्या तुकड्यांत एक निळा कप होता. काकांच्या बायकोचा. एक नंबरच्या घराला दार लावायचं होतं आणि काका म्हणाले, दार निळं आहे, मी आणतो. आणला तो धडधाकट कप, टॉवेलात गुंडाळून. फोडायला मात्र हात होईना. तीन आठवडे टॉवेल तसाच टेबलावर. टेलरबाई म्हणाली, मी फोडते, तुम्ही बाहेर जा. काका म्हणाले, "नको, मीच." एका सकाळी त्यांनी हातोडी घेतली, टॉवेलावर एकदाच मारली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. टेलरबाईनं नाक शिंकरलं तेवढंच.

भिंतीवर ताव लावायच्या दिवशी नुसती धांदल. टेलरबाई सिमेंट कालवतेय, बेकरीवाला आणि काका ताव उचलून देताहेत, ताई थापून दाबतेय. कागद पालटतो म्हणून शेवटच्या नंबरचा ताव डावीकडे, ही तिची अकरा वर्षांची सवय. "चौदा द्या! तेरा द्या!" हात चालत होते, डोकं कुठंतरी दुसरीकडे. संध्याकाळी भिंत पूर्ण झाली, सगळीकडून तपकिरी कागदानं झाकलेली. सगळे खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एकटीच लवकर आली. सगळे यायच्या आधी एक कोपरा सोलून बघायचा, हा तिचा चोरटा आनंद. तिनं डावीकडच्या तावावर ओला स्पंज फिरवला, कागद ओढला. खाली एक नंबरचं निळं दार दिसायला हवं होतं. दिसली ती चौदा नंबरची पायरी, तिचा कोपराही उलट्या बाजूला उडालेला.

धावत ती उजव्या टोकाला गेली, तिथला कागद ओरबाडला. निळं दार तिथं होतं.

ती फुटपाथवरच बसली. सिमेंट रात्रभर सुकून दगड झालेलं. काढायचं म्हणजे छिन्नीनं फोडायचं, आणि त्यात कपाचा चुरा होणार. एकदा त्या माणसानं काळजावर दगड ठेवून तो फोडला होता, तिच्या शब्दावर. आता त्याला काय सांगायचं? की तुमची गल्ली मी उलटी केली, तुमचं घर भलत्याच टोकाला नेलं, चुकून? क्षणभर तिच्या मनात आलंही, की मुद्दाम असंच केलंय म्हणून ठोकून द्यावं. कलाकाराचं कोण काय विचारणार! पण लगेच तिची तिलाच लाज वाटली. ती उठली, वाचनालयात गेली आणि स्टूल घेऊन आली.

टेलरबाई थर्मास घेऊन आली तेव्हा ताई भिंतीसमोर स्टुलावर बसलेली.

"अगं बाई! कुणाचं माहेर बळकावलंस?" टेलरबाई हसली आणि ताईचा चेहरा बघून तिनं थर्मास खाली ठेवला.

बेकरीवाला आला, मागोमाग काका आले. ताईनं चहाला हात लावला नाही. "माझं चुकलं," ती म्हणाली. "चित्र उलटं उतरवून घ्यायला विसरले. सगळी गल्ली पालटली. काका, तुमचं घर तिकडच्या टोकाला गेलंय." डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "तुम्ही कप फोडलात हो माझ्या भरवशावर."

बेकरीवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे माझं धुराडं..."

"चुलीत गेलं तुझं धुराडं!" टेलरबाई म्हणाली. सगळे काकांकडे बघत होते.

काकांनी बादलीतला स्पंज घेतला आणि डावीकडून एकेक ताव भिजवायला सुरुवात केली. बाकीचेही कामाला लागले. तासाभरात सगळे कागद उतरले आणि गल्ली उन्हात लखलखायला लागली. मग काकांनी हात पुसले, खांद्यावर नसलेली थैली नीट केली आणि भिंतीच्या डाव्या टोकापासून चालायला लागले. "चौदा," ते पुटपुटले. "तेरा. बारा..." एकेका दारापाशी अर्धा क्षण थांबत ते एकपर्यंत आले आणि निळ्या दारावर तळहात ठेवून उभे राहिले.

"ताई," ते वळून म्हणाले, "टपाल वाटताना मी एक ते चौदा जायचो. पहिलं घर माझंच, पण कामावर असताना तिकडे ढुंकूनही बघायचो नाही. ही ती गल्ली नाही. थैली रिकामी झाली की मी परत फिरायचो ना, चौदापासून, ती ही गल्ली. सगळ्यात शेवटी माझं दार, आणि दारात ती उभी. रोज."

टेलरबाईनं पदर डोळ्यांना लावला. ताई स्टुलावरून उठली, काहीतरी म्हणणार होती, पण काकांनी तिला हातानंच थांबवलं.

"चला, व्हा बाजूला. त्या स्टुलावर आता मला बसायचंय."

"तुम्हाला? तुमचं काय चुकलं?"

काका स्टुलावर बसले. स्टूल डुगडुगलं, त्यांनी पाय रोवले आणि दोन्ही हातांत चहाचा पेला धरला. मान खाली घालून बोलले, पण आवाजात कुठंतरी हसू होतं.

"काल तुम्ही पहिल्यांदा चौदा नंबर मागितलात आणि डावीकडे लावलात, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मीच तर ताव देत होतो. बोललो असतो तर तुम्ही तिथंच काम थांबवलं असतं." त्यांनी एक घोट घेतला. "म्हणून नाही बोललो."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग टेलरबाईनं कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे रात्रभर झाकून ठेवलंत! नियम म्हणजे नियम. बोला मंडळी, मोडायचं की ठेवायचं?"

"ठेवायचं," बेकरीवाला म्हणाला. "धुराड्यासकट."

ताईनं डोळे पुसले आणि थर्मासमधून स्वतःसाठी चहा ओतून घेतला. काका स्टुलावरून उठायला तयार नव्हते. तिथून त्यांना निळं दार अगदी समोर दिसत होतं.