पुढून एक, मागून दुसरी

आमच्या अंगणातली गाडी अमेरिकन, म्हणजे म्हणायला. अमेरिकेतून पेट्यांमधून सुटे भाग यायचे आणि मुंबईत त्यांची गाडी जोडली जायची. स्टिअरिंग उजवीकडे, आणि एकच सांगाडा समोरची जाळी अन् पाटी बदलून दोन-तीन नावांनी विकायचे. वडिलांनी ती जुनीच घेतली. चौसाळ्यात तेव्हा लग्न असलं की नवरा-नवरी याच गाडीत आणि स्टिअरिंगवर वडील. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ.

पुढं गेवराईजवळ ती उसाच्या बैलगाडीवर आदळली. तिची जाळी कुठं मिळेना, तेव्हा मिस्तरीनं तिच्या जुळ्या बहिणीची, म्हणजे दुसऱ्या नावाच्या गाडीची, पाटीसकट बसवली. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन आलं, मग गिअरबॉक्स जीपचा. दर दुरुस्तीला वडील खूश. गाडी पळतीय ना, मग झालं.

आता वडील अर्धांगवायूनं खाटेला खिळलेत, बोलणं तेवढं शाबूत. गाडी लिंबाखाली बंद पडून आहे. त्यांचं एकच म्हणणं, चालवणाऱ्याच्या हाती दे, भंगारात घालू नको. मी या कामाच्या हात धुऊन मागं लागलो आणि शेवटी पुण्याहून जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. वडिलांनी त्या दिवशी दाढी करून घेतली, खाट खिडकीशी सरकवायला लावली. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

साहेबांनी पुढची पाटी वाचली, मागची वाचली आणि हसले. पुढून एका नावाची, मागून दुसऱ्या, आत इंजिन भलतंच. दुरुस्त तरी कुठली म्हणून करायची, असं त्यांचं म्हणणं. चहा घेऊन गेले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं याचा त्याहून जास्त.

वडील चार दिवसांनी म्हणाले, "घाल भंगारात. पर मी हाय तवर नको."

तेव्हापासून भंगारवाला बाजाराच्या दिवशी दारात डोकावतो. परवाही आला, कधी न्यायची म्हणून विचारू लागला. मी दबक्या आवाजात म्हणालो, थांबा थोडं. थोडं म्हणजे किती, असं त्यानं साधेपणानं विचारलं आणि मी गाडीवरचा लिंबाचा पाला झाडू लागलो.

खिडकीतून वडिलांचा आवाज आला, "लई न्हाई थांबावं लागायचं, सांग त्याला."