नौशीनच्या सरावाचे एकतीस दिवस

आमच्या खालच्या मजल्यावरची नौशीन बागवान हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत होती आणि आइस हॉकी खेळायची. पुण्यात बर्फ कुठला! म्हणून पहाटे पार्किंगमध्ये चाकांचे स्केट घालून ती भिंतीवर चेंडू मारायची. मी रोज डायरी लिहिते. त्या आवाजाच्या तारखा वेळेसकट उतरवून मी सोसायटीकडे तक्रार केली आणि तिचा सराव बंद झाला.

दोन महिन्यांनी ती दारात आली.

"आजी, आशियातल्या सगळ्यात खालच्या गटातल्या देशांची महिलांची स्पर्धा आहे. भारतीय संघाच्या निवड शिबिरासाठी चाळीस दिवसांच्या सरावाचा लेखी पुरावा हवाय. तुमच्याइतक्या पक्क्या नोंदी कोणाकडे असणार?"

"टोमणा मारतेस?"

"थोडासा," ती हसली. "पण सही खरंच हवीय."

मी तारखा मोजल्या. एकतीस भरल्या. पुढच्याच पानावर माझी तक्रार होती. चाळीस लिहावेत असं वाटलं, पण हात धजला नाही. मी एकतीस लिहून सही केली.

शिबिराच्या यादीत तिचं नाव आलं नाही. जिन्यात भेटली की ती अजूनही आपणहून बोलते. मला मात्र तिच्याकडे बघवत नाही.