माझ्या निधनाचा टार्गेट ऑडियन्स

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी वारलो, आणि ही बातमी अख्ख्या करंजाडेत सगळ्यात शेवटी मला कळली.

आता तुम्ही विचाराल, मग हे लिहितंय कोण? मीच लिहितोय, आणि रागाने लिहितोय! राग माझ्यात उपजतच आहे. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात उभी हयात ट्रेलरवाल्यांवर ओरडण्यात गेली. तिथे गोड बोलत बसलं तर ट्रेलर अंगावर येतो. घरी आल्यावर तोच आवाज सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला उपयोगी पडला. (निवडणूक बिनविरोध झाली. माझ्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही. मला तेव्हा तो लोकांचा विश्वास वाटला!)

सगळ्याचं मूळ म्हणजे आमची कन्या ऋजुता. ती मास मीडिया शिकते. म्हणजे नक्की काय शिकते, ते विचारायची सोय नाही. विचारलं की ती सांगते, आणि सांगितलं की मला आणखी राग येतो. शेवटच्या वर्षाला तिला भुताची शॉर्ट फिल्म करायची होती. नुसती फिल्म नव्हे. ती बघून घाबरलेल्या माणसांचं शूटिंगही सोबत जोडायचं! तिने केस मोकळे सोडलेली, पांढऱ्या साडीतली बाई घेऊन एक फिल्म केली. वर्ग हसून हसून लोळला. सरांनी विचारलं, "तुझा टार्गेट ऑडियन्स कोण?" ही म्हणाली, "सोळा ते चोवीस वयाची मुलं." सर म्हणाले, "त्यातलं घाबरलं कोण?" कोणीच नाही. मग सरांनी शेवटची संधी दिली. सोमवारी घाबरलेला टार्गेट ऑडियन्स दाखव, नाहीतर या विषयात नापास. हे ऐकताच ग्रुपमधल्या दोघी जिवलग मैत्रिणी दुसऱ्या ग्रुपात पळाल्या.

पोर रडत घरी आली. मुलीच्या डोळ्यांत पाणी दिसलं की मला काही सुचत नाही, आणि काही सुचलं नाही की मी ओरडतो.

"टार्गेट ऑडियन्स ही काय भानगड आहे?"

"बाबा, म्हणजे फिल्म कोणासाठी आहे ते आधी ठरवायचं. कोण बघणार, कोण घाबरणार."

"सगळे घाबरणार! भूत काय आधार कार्ड बघून मानगुटीवर बसतं?"

"सर म्हणतात, 'सगळे' हे उत्तर चुकीचं असतं."

"तुझे सर चुकीचे आहेत! दे त्यांचा नंबर!"

नंबर मिळाला नाही. (माझ्या घरात मला कोणाचाच नंबर देत नाहीत.)

पण मीही हट्टी. पोरीला नापास होऊ देणार नाही, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं, आणि बायकोला धरून आम्ही तिघं नवीन गोष्ट रचायला बसलो. गोष्ट अशी: घरातला कर्ता पुरुष वारलेला आहे. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आहे. घरचे जरा मोकळा श्वास घेतात, पंखे-दिवे चालू ठेवतात, आणि तो फोटोतून बाहेर येऊन सगळ्यांना झापतो.

"छान आहे," मी म्हणालो. "भूत कोण?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मेकअप फारसा लागणार नाही," बायको म्हणाली.

मग फोटोची शोधाशोध. सगळे अल्बम खाली निघाले. एकाही फोटोत मी हसत नव्हतो! शेवटी एका लग्नातला फोटो निवडला. त्यात फोटोग्राफर "साहेब, स्माइल" म्हणत होता आणि मी जेवणाची पंगत कधी बसणार ते विचारत होतो. तो मोठा करून फ्रेममध्ये घालून आणला.

इथे प्रवेश झाला माझ्या मेव्हण्याचा. दत्ता उरणकडच्या गावचा. मनाने सोन्यासारखा, गळ्यातही तेच. कोणाच्याही घरात काहीही निघालं की "आमी हाव ना!" म्हणत हजर. शनिवारी दुपारी तो भाचीसाठी स्वतः जाऊन पनवेलच्या बाजारातून चंदनाचा हार घेऊन आला. बायको मात्र ऐन वेळी अडून बसली.

"जित्या माणसाच्या फोटोला हार? मला नाही बाई चालायचं."

"ताय, उलट बरा अस्ता," दत्ता म्हणाला. "जित्या मान्साची मेल्याची आवई उठली ना, का त्याचा आयुष्य वाढता."

"वाढतं?" बायकोने विचारलं, आणि माझ्याकडे जरा विचारात पडल्यासारखं पाहिलं. तरी तिने हार घालू दिला.

दत्ताने त्या हारातल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला. "भाची पिच्चर करते, लोकांना कलाय नको?" असं काहीतरी पुटपुटत तो घाईघाईने निघून गेला. दत्ता घाईघाईने निघाला की मागे नुकसान ठरलेलं असतं, हे मला लग्नापासून माहीत आहे. तरी मी त्याला जाऊ दिलं.

रविवारी सकाळी शूटिंग. रात्री का नाही? कारण रात्री दहानंतर आवाज बंद, हा सोसायटीचा नियम. आणि तो नियम मीच केलेला! तेव्हा खिडक्यांवर चादरी ठोकून दिवसाढवळ्या अंधार केला. बायकोचा फोन कॅमेरा झाला, माझा फोन टॉर्च झाला, ऋजुताने दोन्हींचे आवाज बंद केले. मला पांढरा सदरा-लेंगा चढवला. तोंडाला टाल्कम पावडरचा अख्खा डबा फासला, डोळ्यांखाली काजळ ओढलं आणि नाकपुड्यांत कापसाचे बोळे कोंबले.

"आता श्वास कशाने घेऊ?"

"बाबा, तुम्ही मेलेले आहात."

बायकोला विधवेचं काम. नवऱ्याच्या फोटोसमोर बसून हंबरडा फोडायचा. पण तिला रडूच येईना! फोटोकडे बघायची आणि फिस्सकन हसायची. ऋजुता रडकुंडीला आली. मी नाकातल्या नाकात ओरडलो, "अगं, आपल्या संसाराची सगळी वर्षं आठव!"

तिने आठवली. आणि असा काही टाहो फोडला, की तळोज्यापर्यंत ऐकू गेला असेल. काही केल्या थांबेचना. इतकं वाईट वाटण्यासारखं मी काय केलंय, हे विचारायला मी तोंड उघडणार, एवढ्यात बाहेर जिन्यात चपलांची फडफड ऐकू आली.

पुष्कळ चपला होत्या. कोणी बेल वाजवत नव्हतं. मी दाराला कान लावला.

"ऐकलं ना? वहिनींचं रडणं? म्हणजे खरंच." हा आवाज सावंतांचा. सावंत म्हणजे बी विंगचे. पार्किंगवरून माझं आणि त्यांचं गेली कित्येक वर्षं शीतयुद्ध. त्यातलं शीत त्यांच्या बाजूने.

"माणूस वाईट नव्हता हो," खालच्या मजल्यावरच्या देसाईबाई म्हणाल्या. "तोंड वाईट होतं."

"आता त्याबद्दल कशाला? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," कोणीतरी दटावलं.

"मी चांगलंच बोलतेय! गेल्या आठवड्यात माझी कुंडी खाली ठेवली म्हणून ओरडले, तेव्हासुद्धा आवाज ठणठणीत होता."

"देवाला असेच लोक लवकर लागतात."

"देवाला काय, कसेही चालतात. बरं, सेक्रेटरी आता कोण?"

मग सावंत खाकरले. "हे बोलायची वेळ नाही. पण ती कोपऱ्यातली पार्किंगची जागा आता रिकामीच राहणार. वहिनी काही गाडी चालवत नाहीत. मी काय म्हणतो, आजपुरती माझी गाडी तिथे लावली आहे. सावलीला."

सावलीला! माझ्या डोक्यात अशी तिडीक उठली, की मी कोणत्या वेषात आहे, हेच विसरलो. कोण मेलं, कसं मेलं, याचा काही विचार केला नाही. मागून ऋजुता "बाबा, नको!" म्हणत फोन हातात घेऊन धावली. मी खाडकन दार उघडलं, पावडर फासलेला, काजळ ओघळलेला, नाकात कापूस घातलेला, आणि यार्डातल्या आवाजात गरजलो,

"माझी जागा सोडा!!!"

पुढचं वर्णन माझ्याच्याने होणार नाही. पण ते सगळं शूट झालेलं आहे. देसाईबाई "अगं आई गं" म्हणत मागच्या भिंतीवर आदळल्या आणि भिंतीलाच हात जोडू लागल्या. गुडघेदुखी म्हणून लिफ्टसाठी भांडणारे दोघे आजोबा जिन्यावरून पोरांसारखे उड्या मारत गेले. सावंतांच्या हातात माझ्यासाठी आणलेला झेंडूचा हार होता. तो त्यांनी घाबरून स्वतःच्याच गळ्यात घातला आणि "सोडतो! सोडतो! चावी खाली आहे!" असं ओरडत ते उलट्या पावलांनी पळाले. जिन्यात फक्त चपला उरल्या.

"अहो, मी जिवंत आहे!" मी कठड्यावरून वाकून ओरडलो.

खालून आणखी मोठी किंकाळी आली.

मग आवाज बंद केलेल्या फोनवरचे शोकसंदेश आणि त्यांसोबतचा फोटो पाहिला, तेव्हा उलगडा झाला. करंजाडेच्या चौकात माझा वीतभर नव्हे, चांगला पुरुषभर फ्लेक्स लागला होता! हारातला फोटो, काळी पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंना समया. मी त्याच पावडरीत दत्ताला फोन लावला.

"दत्ता! हे काय केलंस?"

"दाजी, पिच्चरची जायरात केली! आवरली ना तुमाला?"

"मूर्खा, लोक मला पोचवायला आले!"

"आसा कसा? खाली मोट्या अक्षरात लिवलाय ना, पिच्चरचा नाव, शूटिंग, सगला! माजा फोटू पन हाय, शुभेच्छुक म्हनून!"

दत्तालाही बोलावून आम्ही चौकात गेलो. खालचा सगळा भाग गायब! त्यावर रातोरात दुसऱ्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता. चौकातला फ्लेक्सवाला वर आम्हालाच समजावू लागला, "काका, आमच्याकडे डिझाइन दोनच. वाढदिवस आणि श्रद्धांजली. फोटोला हार, चेहरा असा. मी काय समजणार?"

"अन तू छापायच्या आधी बघितलं नाहीस?" मी दत्ताला विचारलं.

"बगितला ना! नीट बगितला. माजा फोटू एकदम बरोबर होता." आणि त्या वाढदिवसवाल्याने आपला फोटो झाकला, म्हणून तोच माझ्यापेक्षा जास्त चिडला!

सोसायटीत मी घरोघरी जाऊन जिवंत असल्याचं सांगितलं. देसाईबाईंनी दार साखळी लावूनच उघडलं. सावंतांनी गाडी काढली, पण अभिनंदन काही केलं नाही. उलट ते खाली मान घालून इतकंच म्हणाले, "चला, देवाची इच्छा." मेल्याचं कळल्यावर जो माणूस ताठ उभा होता, त्याचे डोळे मी जिवंत आहे हे कळल्यावर भरून आले होते.

सोमवारी ऋजुताने वर्गात फिल्म लावली. सोळा ते चोवीस वयाची पोरं फिल्मभर माझ्या पावडरीवर खिदळत होती. आणि मग तिने जिन्यातलं शूटिंग लावलं. वर्ग चिडीचूप! सरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. ती पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली. संध्याकाळी ती दारातच मला बिलगली, तेव्हा मला परत काही सुचेना. या वेळी मी ओरडलो मात्र नाही, घसाच बसला होता.

"सर काय म्हणाले?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"म्हणाले, टार्गेट ऑडियन्स अचूक ओळखलास. पन्नाशीच्या पुढचे, एकाच सोसायटीतले. आणि विचारलं, एवढी खरी भीती या लोकांच्या तोंडावर आणलीस कशी? भुताला बघून?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं, बाबा. भुताला बघून ते नुसते पळाले. खरी किंकाळी, तुम्ही 'मी जिवंत आहे' म्हणालात तेव्हाची आहे."