फायरवॉलचा पासवर्ड कुणाकडंच नाही

सोमवार, सकाळचे अकरा. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयातली योजनेची खिडकी. आरोग्य योजनेची वेबसाइट उघडत नाही.

बातमीदाराला रुग्णालयाचे किस्से शोधावे लागत नाहीत, तेच येऊन गळ्यात पडतात. हे एकाच खिडकीवरचे, एकाच आठवड्यातले.

फुलंब्रीच्या कडूबाईंच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं. मंजुरी त्या साइटवरूनच घ्यायची. योजनेनं साइटचा पत्ता बदलला आणि रुग्णालयाच्या फायरवॉलनं, म्हणजे इंटरनेटच्या दारावर पहाऱ्याला बसवलेल्या यंत्रानं, नवा पत्ता अडवला. त्यात एखादी साइट उघडायची असो की बंद करायची, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो.

खिडकीवरचे शेखभाई म्हणाले, "डब्बा अपना, बिजली अपनी, चाबी किसी के पास नै!"

"मग मोबाइलवरून भरा अर्ज," मी म्हणालो.

"साइट हितल्याच नेटवरून चालती, साहेब."

*

पासवर्ड सांभाळणारा कंत्राटी इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला. त्याला फोन लावला.

"सर, मी आता पुण्यात फ्लॅट विकतो. आणि माझ्यानंतर पासवर्ड बदललाय!"

"कुणी?"

"ते तुम्ही पेपरवाले शोधा की!"

*

पासवर्ड विसरला तर ओटीपी येतो. तो गेला निवृत्त प्रशासन अधिकाऱ्यांकडच्या ऑफिसच्या नंबरवर! पुंडलिकनगरला त्यांच्या घरी गेलो.

"निरोप समारंभातच सिम परत केलं," ते म्हणाले. "शाल दिली, सिम घेतलं."

सिम ऑफिसच्या कपाटात होतं. रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेलं.

*

फायरवॉलच्या कंपनीचा माणूस आला. "रिसेट करतो, पण सगळ्या सेटिंग्ज उडतील. बॅकअप द्या."

बॅकअप होता. त्याच यंत्रात!

रिसेटला परवानगी द्यायला कुणी तयार होईना. रुग्णालयाचे अधीक्षक माझ्यावरच घसरले, "उद्या लॅबचं नेट बंद पडलं तर तुम्हीच छापाल."

छापलंच असतं!

कडूबाई दारातच उभ्या होत्या. "साहेब, नेट बंद पडलं तर छापत्यात. माझा मालक पडून हाय, त्याचं काय?"

साहेबांनी शिपायाला दार लावायला सांगितलं.

*

बुधवारी मी सगळं छापलं. गुरुवारी पहाटे कडूबाईंचा नवरा गेला.

मी अधीक्षकांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं त्या रुग्णाचा एकही अर्ज प्रलंबित नाही."

खरंच नव्हता. भरताच आला नव्हता!

*

शुक्रवारी पुन्हा गेलो. "पासवर्ड सापडला?"

"नाही. कुणाकडंच नाही," अधीक्षक म्हणाले.

बाहेर शेखभाईंनी मला खिडकीच्या आत बोलावलं. कामाला बसण्याआधी ते आमच्या पेपरची साइट तिथंच वाचतात. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. बाकी सगळे पेपर उघडत होते. आमच्या जागी लाल पट्टी होती: 'ही साइट अ‍ॅडमिनने बंद केली आहे.'

"कधीपासून?"

"कल दोपहर से."