वेस्ट मांबलमचा शाळू

लग्न ठरलं तेव्हा मला एकाच गोष्टीचा आनंद झाला होता, तो म्हणजे शेतातून सुटका. माझं सगळं लहानपण बार्शीकडे, मचाणावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकण्यात गेलेलं. मुलगा रेल्वेत आहे, नेमणूक मद्रासला आहे, एवढं ऐकल्यावर मी त्याला न बघताच हो म्हणाले असते. वेस्ट मांबलममध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. नळाला पाणी यायचं नाही, पण नजरेला ढेकूळसुद्धा पडायचं नाही. मी खूश. शेजारणींना मी शेतकऱ्याची पोर आहे याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

मग मामंजी आले. सासूबाई गेल्यावर गावाकडे एकटे नकोत म्हणून माझ्या नवऱ्याने त्यांना आणलं. निम्मं आयुष्य पलटणीत आणि निम्मं नांगरामागे काढलेला माणूस. सोबत एक काळी ट्रंक आणि हिरव्या लष्करी दोरीने करकचून आवळलेला बिस्तरा. तो बिस्तरा त्यांनी सोडलाच नाही, तसाच खाटेखाली सरकवला. म्हणाले, ज्या मातीतून आपण दाणा काढला नाही, तिथं बसून खायचं नसतं, मी चार दिवसांचा पाहुणा आहे.

पहिला महिना मी नुसती वैतागले. पहाटे चारला गच्चीवर कवायत. माझे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे. हळदीचा डबा सापडेना तेव्हा मी तोंडातल्या तोंडात त्यांचा उद्धारही केला. पण रोज दुपारी हा माणूस ताटावर बसण्याआधी विचारायचा, ‘पोरी, तू जेवलीस का?’ माहेरी नाही, सासरी नाही, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी विरघळले. मामंजींनी कायमचं आमच्याकडे राहावं असं मला वाटायला लागलं, अगदी मनापासून.

घरामागे घरमालकिणीची मोकळी जागा होती, विहिरीसकट. घरमालकीण तंजावरच्या मराठ्यांतली. तिची मराठी आपल्या पणजीच्याही आधीची, वर तमिळ हेल. सगळी गल्ली तिला मामी म्हणे. ‘मामंजींना तिथं काहीतरी पेरू द्या,’ म्हणून मी तिच्यामागे लागले. तिने होकार दिला, पण बजावलं की इथला पाऊस दिवाळीला येतो, तेवढा जाऊ दे. मामंजी कसले ऐकतात? गावाकडे हस्त सरला की शाळू पेरतात, म्हणून इथेही हस्त सरला आणि शाळू पेरला. दिवाळीत ढग फुटले. जागेचं तळं झालं, वीतभर वाढलेली रोपं कुजली आणि मामींची बदकं त्यात पोहायला लागली.

मामंजींनी खाटेखालून बिस्तरा ओढला आणि लेकाला तिकीट काढायला सांगितलं. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, एका हल्ल्यात माघार घेणारे शिपाई मी पाहिले नाहीत. त्यांच्या मिश्या थरथरल्या. बिस्तरा पायाने पुन्हा खाटेखाली ढकलला आणि म्हणाले, ‘संक्रांतीनंतर एकदा पेरतो. दाणा हाती आला तर राहीन. नाही तर अडवायचं नाही.’

या खेपेला शाळू पुरुषभर उंच आला. होळीनंतर कणसांत दूध भरलं आणि अख्ख्या मद्रासचे पोपट आमच्याकडे जेवायला आले. मामंजींनी ट्रंकेतून गोफण काढली. पण लढाईत त्यांच्या उजव्या खांद्यात तोफगोळ्याची किरच घुसलेली, हात खांद्याच्या वर जायचाच नाही. हे ते जन्मात कबूल करणार नव्हते. गोफण हातात धरून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, दुश्मनाची पाहणी चालू आहे. आणि दुश्मन बिनघोर दाणे टिपायचा.

शेवटी मीच पदर खोचला. दुपारी ते झोपले की खुंटीवरची गोफण घ्यायची, गच्चीवर जायचं आणि ढेकळं भिरकावायची. हात विसरला नव्हता, बाई. थवेच्या थवे उडायचे. सुटले सुटले म्हणून नारळ फोडला होता, आणि नायलॉनची साडी नेसून पुन्हा पाखरंच राखत होते.

एका दुपारी गोफणीची दोरी तटकन तुटली आणि ढेकूळ खाली मामींच्या वाळवणात. तांदळाच्या पिठाचे वडाम म्हणजे आपल्या कुरडयाच, दोन दिवस खपून घातलेल्या. त्यांचा चिखल झाला. मी खोलीत पळाले, तोच मामी तरातरा वर आल्या. कुणाचा हा उद्योग, असं त्यांनी विचारलं, आणि मी तुटकी गोफण पदराआड लपवली. खाटेवरून मामंजी उठले, टाचा जुळवून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ‘माझा. नेम चुकला.’

मामी फणफणत गेल्या. मामंजींनी गोफण माझ्या हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी खुंटीवर गोफण होती, नवीन पीळ घालून नीट केलेली. त्यात हिरवी दोरी दिसली. आता मामंजी मला शेतात पाऊल टाकू देणार नाहीत असं वाटत होतं, पण जेवण झाल्यावर ते म्हणाले, मला झोप येतेय, पहारा सोडू नकोस.

पाडव्याच्या सुमारास हुरडा झाला. हुरडा खायचा थंडीत कुडकुडत, आम्ही खाल्ला मद्रासच्या उकाड्यात, आगटीभोवती घामाच्या धारा पुसत. रुसलेल्या मामीही दह्याचं भांडं घेऊन आल्या. मामंजींनी भाजलेलं पहिलं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली, लेकाला आणि मामींना ओलांडून ती मूठ माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, पहिली मूठ राखणदाराची.

मामी माझ्याकडे बघतच राहिल्या. नवऱ्याच्या काही ध्यानात आलं नाही. त्याने आपलं हळूच विचारलं, मग आता गावाचं काय?

मामंजी दुसरं कणीस चोळत म्हणाले, ‘जाऊ कसा? बिस्तरा बांधायची दोरी हिच्या गोफणीत गेली.’