साडूभाऊंच्या लहरी

माझ्या थोरल्या साडूंएवढा उजेडावर जीव असलेला माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या बायकोनेही माझ्या मेहुणीसारखाच कपाळाला हात लावला असेल. नाचणगावच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, सिंदी मेघेला राहायला आले, पण शिकवणं काही सुटलं नाही. भाजीवाल्याकडे टमाटे निवडताना त्याला सांगत, की याच्यावर सगळ्या रंगांचा उजेड पडतो, हा लाल तेवढा परत पाठवतो. "म्हणून तुले लाल दिसते." भाजीवाला म्हणे, "गुरुजी, लाल होता म्हणूनच आणला." रेडिओ, मोबाइल, चुलीची धग, चांदणं ही त्यांच्या लेखी एकाच कुळातली भावंडं; कोणाची लहर लांब, कोणाची आखूड, मोकळ्या पोकळीत धाव मात्र सगळ्यांची सारखी. आवाजाला हवा तरी लागते, यांना काहीच लागत नाही, हे सांगताना ते असे हळवे व्हायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांची लेकच सासरहून एकटी पायी आली. मेहुणी आतून म्हणे, "सूर्याचा उजेड आठ मिनटात येते म्हणता, अन् तुमाले कोपऱ्यावरून दूध आणाले तास लागते."

मग मेहुणीलाच कर्करोग निघाला. डॉक्टरांनी किरणांचा उपचार सांगितला. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात, आणि त्या शब्दानेच ती हादरली. "जाळतीन मले," एवढंच म्हणे. दोन दिवस अडून बसली. तिसऱ्या दिवशी साडू तिच्या खाटेशी बसले. गावाला शिकवणारा हा माणूस त्या दिवशी चाचरत होता.

"हाबी उजेडच आहे. लय आखूड लहरीचा, म्हणून डोयाले दिसत नाई अन् अंगातून आरपार जाते. गाठीले मारते. कातडी थोडी भाजते, ते खोटं नाई सांगत."

"दुखते?"

"देताना नाई."

तिने खाटेखालच्या चपला पायाने ओढल्या. "चाला मंग," म्हणाली. पुढे महिनाभर रोज गेली, एक दिवसही चुकवला नाही.

दिवाळीआधी ती गेली. साडूंचं बोलणंच संपलं. भाजीवाला मुद्दाम विचारी, "गुरुजी, वांगं जांभळं काऊन?" ते नुसती पिशवी पुढे करत.

संक्रांतीनंतर एका सकाळी मी डबा घेऊन गेलो, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, रोज दवाखान्यात जातात. तिथे शेक देण्याच्या खोलीबाहेर, बाकावर गिरडच्या एका म्हातारीजवळ ते बसले होते आणि हळू आवाजात तिला उजेडाचं कुळ समजावत होते. सगळं ऐकून तिने विचारलं, "तुमच्या घरच्या बाईले दिला म्हणता. बऱ्या झाल्या का त्या?"

मला वाटलं, पुढे होऊन विषय बदलावा. पण साडूंनीच सरळ सांगितलं.

"नाई, माय. तिचं उशिरा समजलं होतं. तुमचं लवकर समजलं ना."

आतून म्हातारीचा नंबर पुकारला. दोन पावलं जाऊन ती वळली. "भेत होत्या का?"

"पयल्या दिवशी."

तिने पदर सावरला आणि आत गेली. साडू सरकले, मला जागा केली. "बसा," म्हणाले, "पंधरा मिनटं लागतीन." आणि नावही ठाऊक नसलेल्या त्या बाईची वाट पाहत आम्ही दोघं बसून राहिलो.