मावशीच्या फोटोच्या शोधात: बोरिवली ते मुलुंड

मिरजेहून निघालेली बस सकाळी साडेसहाला बोरिवलीत हायवेवर थांबली, तेव्हा माझा उजवा पाय पार झोपला होता. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात लाइट पॅड, म्हणजे काचेची निगेटिव्ह ठेवली की खालून उजेड पाडणारी पाटी. लंगडतच उतरले. क्लीनर म्हणाला, "सावकाश आजी." मी साठ वर्षांची आहे. आजी कोणाला म्हणतोस, असं विचारेपर्यंत बस दहिसरकडे निघूनही गेली.

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. जुन्या स्टुडिओत काढलेले फोटो जमवते. भंगारवाले, जुना बाजार, मोडलेल्या घरांचे माळे, कुठूनही. तीनशेच्या वर झालेत. नुसते जमवून भागत नाही. फोटोतलं माणूस कोण, हे शोधून मागे पेन्सिलीने नाव लिहिते. घरचे म्हणतात, ही मेलेल्यांची हजेरी घेते. घेते तर घेते. फोटो लॅमिनेट करून त्याची वाट लावणाऱ्यांपेक्षा बरी.

या खेपेला मात्र काम उलटं होतं. नाव माहीत होतं, फोटो नव्हता. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या शेजारी सुलभाताई राहतात. वय सत्तरीचं, एका सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांची मावशी मागच्या वर्षी गेली. सुलभाताई आठ महिन्यांच्या असताना आई वारली, तेव्हा ही मावशी कुडाळहून बाळ सांभाळायला आली. पुढच्या वर्षी वडिलांनी तिच्याशीच लग्न केलं. जन्मभर तिने यांना वाढवलं, पण 'आई' म्हणू दिलं नाही. आई ती, भिंतीवरची, मी मावशी, असं तिचं ठरलेलं. आता महिन्याभरात वर्षश्राद्ध आलं होतं, आणि आईशेजारी लावायला मावशीचा एकही फोटो घरात नव्हता. रेशनकार्डावरचाही उंदरांनी खाल्लेला, आणि आधारकार्ड तिने कधी काढूच दिलं नव्हतं. फोनवर सुलभाताई एवढंच म्हणाल्या होत्या, "तिचा चेहरा मला आत्ताच नीट आठवेनासा झालाय, बाई. कुठूनही एक शोधून द्या."

मागाठाण्याच्या बाजूला त्यांची सोसायटी. आंघोळ होईपर्यंत ताटात घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि गूळ घातलेलं नारळाचं दूध तयार होतं. मी पाच खाल्ले. खाताखाता मावशीची माहिती लिहून घेतली. नाव इंदिरा. उंची बेताची. हनुवटीवर तिरपी खूण, लहानपणी विळीवर पडल्याची. कॅमेरा दिसला की ही बाई स्वयंपाकघरात. सुलभाताईंच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिचा पदर आणि एक कोपर तेवढं सापडतं. 'माका नको गे फोटो, तुमचो तुम्ही काढा', हे ठरलेलं उत्तर.

आईचा फोटो मात्र भिंतीवर होता. शेवंता. खुर्चीत बसलेली वीस-बावीस वर्षांची बाई, ठळक कुंकू, नथ, मागे रंगवलेला पडदा. हार ताजा. मी तो उतरवून मागची पट्टी उचकटायला घेतली तेव्हा सुलभाताईंचा जीव वरखाली होत होता. आत शिक्का निघाला, अर्धा पुसलेला: घाटकोपरचा स्टुडिओ, आणि पेन्सिलीने आकडा, ११४३. वडील कुर्ल्याला गिरणीत होते, बिऱ्हाड घाटकोपरला. ज्याने आईचा फोटो काढला, त्याच्याकडे मावशीही कधीतरी गेली असेल, एवढाच आमचा धागा.

मागाठाण्याहून मेट्रोने गुंदवली, तिथून पूल ओलांडून दुसरी मेट्रो, ती थेट घाटकोपर. मिरजेच्या माणसाला सांगून पटणार नाही, पण डबा थंडगार होता आणि मला बसायला जागा मिळाली. खिडकीतून लोकांच्या तिसऱ्या मजल्यावरचे संसार दिसतात. वाळत घातलेल्या चादरी, तुळशी, बाल्कनीत दात घासणारे काका. घाटकोपरला उतरून चुकीच्या जिन्याने चुकीच्या बाजूला गेले आणि तोच पूल दोनदा चढले.

स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. दुकानदाराने मला पुढच्या गल्लीत पासपोर्ट फोटो काढणाऱ्याकडे पाठवलं. मी तोंड उघडायच्या आत त्याने मला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर करायला लावली आणि फोटो काढूनही टाकला. मग मी आकडा दाखवला. तो ओशाळला, पण आठ फोटो गळ्यात मारलेच. मी त्यात गुन्हेगार दिसते. काम मात्र त्याच्यामुळेच झालं. जुन्या स्टुडिओवाल्यांचा मुलगा, दळवीकाका, मुलुंडला राहतात आणि वडिलांच्या सगळ्या काचा, म्हणजे निगेटिव्ह, त्यांनी जपून ठेवल्यात, असं तो म्हणाला. फोनही लावून दिला. दुपार झालीच होती, म्हणून खाऊगल्लीत डोसा मागितला. त्यावर एवढं चीज किसलेलं आलं की डोसा कुठाय ते शोधावं लागलं. मुंबईला काय झालंय कळत नाही. पण संपवला.

मुलुंडला दळवीकाकांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. वय अठ्ठ्याहत्तर, एकटेच. त्यातली एक खोली काचांची. लाकडी खाचांच्या पेट्या, प्रत्येक काच बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर. मला गहिवरून आलं, खरंच. असं नेटकं काम मी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी चहा केला तोही डार्करूमच्या घड्याळावर, बरोबर चार मिनिटं उकळून.

११४३ पाच मिनिटांत सापडली. काका पाकिटावरचं वाचायला लागले आणि मध्येच थांबले. मग पाकीट माझ्याकडे दिलं. वर त्यांच्या वडिलांचं अक्षर होतं: 'कै. शेवंता. बदली, धाकटी बहीण. हनुवटीची खूण घालवणे. कपाळ रुंद. नाक बारीक. नथ रंगवणे.'

बदली म्हणजे काय, ते मला दोनदा विचारावं लागलं. काकांनी शांतपणे सांगितलं. त्या वेळी कितीतरी बायकांचा आयुष्यात एकही फोटो निघत नसे. बाई गेली की घरचे दहाव्याच्या आत दुकानात यायचे, फोटो करून द्या म्हणायचे. कशावरून करायचा? मग वडील विचारायचे, बहीण आहे का? तिला गेलेलीचं लुगडं नेसवून बसवायचे. सासू कॅमेऱ्याशेजारी उभी राहून सांगणार, नाक हिच्यापेक्षा बारीक होतं, कपाळ मोठं होतं. ते सगळं रात्रंदिवस बसून काचेवर पेन्सिलीने भरायचं. गिरणीत बदली कामगार असायचे, त्यावरून दुकानात त्याला 'बदली' नाव पडलेलं.

मी काच लाइट पॅडवर ठेवली, मग हातात घेऊन तिरपी केली. पेन्सिलीचं काम तिरक्या उजेडात चमकतं. कपाळाच्या कडेला, नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघांचं जाळं होतं. आणि हनुवटीवर, शिशाच्या थराखाली, विळीची तिरपी खूण.

म्हणजे सत्तर वर्षं भिंतीवर इंदिराच होती.

फोटो सापडला होता, आणि तो नेऊन दिला की सुलभाताईंच्या हातून आई जाणार होती. शेवंताचा चेहरा जगात कुठेच उरणार नव्हता. काका म्हणाले, "सांगू नका, मॅडम. आमचे वडील पोरांना कधी सांगायचे नाहीत. मोठ्यांना माहीत असायचं, तेवढं पुरे."

मला राग आला. कशाचा, ते सांगता येत नव्हतं. चुकीचं नाव असलेला फोटो मी कुणाच्या घरात राहू देत नाही, आणि इथे तो राहू द्यावा असं मलाही वाटत होतं. काकांनी काच टॉवेलात गुंडाळून माझ्या हवाली केली. मुलुंडहून बोरिवलीपर्यंत बसमध्ये ती मांडीवर धरून बसले होते. पवईच्या वळणावर उतरून परत जावं आणि काही सापडलं नाही म्हणून फोन करावा, असंही एकदा मनात आलं. पण ज्या बाईने पोटभर जेवायला घातलं, तिला फसवायचं तोंड मला नाही.

सुलभाताईंना मी सगळं सांगितलं. मोबाइलवर निगेटिव्ह उलटी करून, म्हणजे काळ्याचं पांढरं करून, चेहरा दाखवला, पाकीट वाचायला दिलं, काच तिरपी धरून खूण दाखवली. त्या उठून भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"शाळेत मार्क कमी पडले की ती मला इथे आणून उभी करायची," त्या म्हणाल्या. "आईला सांग म्हणायची. मी रडत रडत सांगायचे. आणि ती मागे उभी राहून ऐकायची."

एवढं बोलून त्या रडल्या. मीही. मला रडायला काहीच लागत नाही.

रात्रीचं जेवण कुळथाची पिठी आणि भात. दोघींनी चिवडल्यासारखं केलं. मी चुकले, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. सकाळी त्या साडी नेसून तयार होत्या आणि आपल्याला मुलुंडला जायचंय म्हणाल्या.

दळवीकाकांना त्यांनी एकच गोष्ट विचारली. ही पेन्सिल निघते का? निघते, काका म्हणाले, टर्पेंटाइनच्या बोळ्याने. पण निघाली की गेली, परत भरणारं आता कोणी नाही. मूळ काचेला कधी हात लावू नये, हा माझा नियम. मी तो मोठ्याने सांगितलाही. सुलभाताईंनी माझं पूर्ण ऐकून घेतलं.

"माझ्या आजीनं सांगितलं आणि यांच्या वडिलांनी काढलं, ते कपाळ आणि ते नाक माझ्या आईचं," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीची आहे तेवढी आई. ती भिंतीवर आहे, राहील. काचेवरनं मावशीला मोकळी करा."

मी आहे तशी एक प्रत टिपून घेतली. मग काकांनी बोळा फिरवला. आधी कपाळ बदललं, मग नाक जरा बसकं झालं. शेवटी हनुवटी. काचेवर खूण पांढरी उमटली. मी ती मोबाइलवर उलटी केली तेव्हा कुडाळहून नुकतीच आलेली अठरा वर्षांची एक मुलगी समोर बसली होती, दुसरीच्या लुगड्यात, खूप घाबरलेली. सुलभाताईंनी मोबाइल हातात घेतला आणि स्क्रीनवरच तिच्या गालावरून बोट फिरवलं. त्यामुळे फोटो मोठा-छोटा होत राहिला.

त्याच दिवशी मुलुंडच्या लॅबमध्ये मोठी प्रत काढली आणि संध्याकाळच्या बसने मी मिरजेला निघाले.

घरी आल्यावर दोन दिवस भिंग घेऊन माझे तीनशे फोटो तपासत बसले. सगळ्या बायकांची कपाळं, हनुवट्या, नाकांच्या कडा. सहा-सात ठिकाणी शंका आली. मागे मी ठसठशीत अक्षरात नावं लिहून ठेवली आहेत. ती खोडली नाहीत. ती नावं कुणीतरी त्या चेहऱ्यांना विचार करून दिलेली होती, माझ्या आधी. इतकी वर्षं मी शोध लावते असं समजत होते. घरात ठरलेलं तेवढंच मी उतरवून घेत होते, हे आत्ता कळलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर सुलभाताईंचा फोन आला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, दोघींना सारखे हार घातले. कुडाळहून एक म्हाताऱ्या नातेवाईक आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून दोघींकडे खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, थोरली देखणी होती, पण धाकटीच्या तोंडावर माया जास्त.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? पानं वाढली होती. जेवायला बसा म्हटलं."